गोफणीची नोंद

"लिवा ना मंग! हेबी हत्यारच हाये!" म्हणत सूर्यभानने कारकून वामनरावांच्या पुढ्यात गोफण आपटली.

इंग्रज सरकारच्या हुकमाने अकोल्याच्या कचेरीत हत्यारांची नोंद चालली होती; बिनपरवान्याचं हत्यार जप्त होत होतं. कुणी तलवार कडब्यात लपवली, कुणी विहिरीत टाकली. आणि हा बहाद्दर गोफण घेऊन आपल्या पायांनी सरकारदारी आला होता!

कारण एकच, जानराव. वीस वर्षं शेषराव पाटलांचं रान सूर्यभानने गोफणीवर राखलं. यंदा कापसाला सोन्याचा भाव आला, चोर वाढले, तसा पाटलांनी बंदूकवाला जानराव आणला. "ज्याचं हत्यार सरकारी दप्तरात, त्यालेच राखण," म्हणाले. तेही सोसलं असतं हो. पण काल सूर्यभानच्याच बायकोने, गोदाबाईने, "या भाऊ, बसा" म्हणत जानरावाला गूळपाणी दिलं, आणि याच्या अंगाचा तिळपापड झाला.

वामनराव म्हणाले, "हे बघ, बंदूक, तलवार, भाला ही हत्यारं. बारूद, शिसं, गंधक, सोरा हा दारूगोळा. विळा-कुऱ्हाड अवजारं. आणि गोफण म्हणजे दोरी."

"अन् गोटे?"

"गोटे म्हणजे गोटे!"

सगळे हसले. आपली बंदूक वामनरावांच्या पुढ्यात ठेवून बारूद नोंदवायला उभा असलेला जानराव तर पोट धरून हसला.

"काहून हसून राहिले बे?" सूर्यभान अंगणात गेला. गोफण गरगरली, आणि पलीकडच्या भिंतीवरच्या मडक्याच्या खापऱ्या झाल्या.

वामनरावांचं हसू मावळलं. ते हळूच म्हणाले, "आहे खरं हत्यार. पण तुझ्याकडे परवाना नाही. परवान्याला पाटलांची चिठ्ठी लागते. हत्यार म्हणून लिहिलं तर जप्त करावं लागेल. मुकाट्यानं दोरी म्हण आणि घरी ने."

पाटील चिठ्ठी देणार नव्हते, हे सूर्यभानला पक्कं ठाऊक होतं.

"ने ना बाप्पा," जानराव म्हणाला, "बैल बांधाले होईन!"

सूर्यभानने गोफण पुन्हा वामनरावांच्या पुढ्यात टाकली.

"हत्यारच हाये. लिवा. करा जप्त." मग त्याने धोतराचा ओचा सोडून गोटे मांडले. "हे दारूगोळ्यात."

वामनरावांनी लिहिलं.

"वाचा."

"सूर्यभान. गोफण एक. गोटे पाच."

सूर्यभानने मान डोलावली आणि रिकाम्या हाताने पायऱ्या उतरला. खाली जाऊन थबकला, ओचा चाचपला, परत वर आला.

"सा लिवा, रावसायेब," तो म्हणाला, आणि राहिलेला गोटा त्याने जानरावाच्या बंदुकीशेजारी ठेवला.