मला कधी बोलावू नये

मी परिचय बोलतोय. कुणा थोर पाहुण्याचा नव्हे, संगणकातल्या एका साधनाचा. माझी लांबी अवघी दोन वाक्यं. हसू नका, याच परिचयापायी एका कुत्र्याचं ऑपरेशन अडलं होतं.

आधी माझं काम सांगतो. प्राण्यांच्या एका दवाखान्याला लोक फोनवरून मेसेज पाठवतात आणि ते वाचायला एक एआय एजंट बसवलाय. त्याच्या हाताशी साधनं असतात. एक नवीन वेळ देतं, एक वेळ बदलतं, एक रद्द करतं. पण साधनाच्या पोटात काय आहे ते त्या बिचाऱ्याला दिसत नाही. तो फक्त आम्हा परिचयांना वाचतो आणि आमच्या शब्दावर विश्वास ठेवून साधन उचलतो. मी त्या रद्द करणाऱ्या साधनाचा परिचय.

माझा जन्म एका घरगुती कंपनीत झाला. घराच्या पुढच्या खोलीत दोन टेबलं. एकावर धाकटा दीर प्रोग्राम लिहितो, दुसऱ्यावर थोरली वहिनी ते तपासते. दिराला आपल्या साधनांचं भारी कौतुक, आपला तो बाब्या! साधन बनवायला त्यानं आठवडाभर घाम गाळला आणि मला मात्र जेवायला उठता उठता खरडलं: 'ठरलेल्या वेळेसंबंधीची कामे झटपट व अचूक करणारे प्रभावी साधन.' त्यात रद्द हा शब्दच नव्हता. पण ते 'प्रभावी' वाचून माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. शेजारच्या साधनाचा परिचय नुसता 'वेळ बदलते' एवढाच होता. मला त्याची कीव यायची.

मग काय, एजंट ऊठसूट माझ्याकडे. एका आजोबांनी लिहिलं, 'ढब्बूला सोमवारी आणायला जमत नाही, शुक्रवारी आणतो.' एजंटला वाटलं, वेळेसंबंधीचं काम आहे, हाच गडी बरा. साधनानं झटपट वेळ रद्द केली आणि एजंटनं 'काम झालं' असं कळवूनही टाकलं. शुक्रवारी आजोबा ढब्बूला उपाशीपोटी घेऊन हजर, कारण ऑपरेशनआधी खायला द्यायचं नसतं. दवाखान्यात त्याची वेळच नव्हती. आल्या पावली परत गेले दोघं.

डॉक्टरीणबाईंचा कंपनीत फोन आला. "ढब्बूला मी मंगळवारी घेतेय. पण त्याआधी सोमवारी तुमचं यंत्र मी स्वतः तपासणार. चुकलं तर काढून टाकायचं."

दिराचं तोंड उतरलं. "वहिनी, तो एजंटच मठ्ठ आहे."

"भावजी, तुम्ही त्याला काय सांगितलंय ते वाचा एकदा."

"चांगलं तर लिहिलंय."

"चांगलं आहे हो. पण साधन करतं काय, ते कुठंय त्यात?"

दिरानं मला पुन्हा एकदा वाचलं.

वहिनीनं लोकांचे खरे मेसेज जमवले. अर्धवट, चिडलेले, मध्येच मांजराचं कौतुक करणारे. तेच मेसेज एजंटला पुन्हा पुन्हा द्यायचे, दर वेळी माझे शब्द बदलायचे आणि तो कोणतं साधन उचलतो ते बघायचं. आधी तिनं मला पानभर लांब केलं. अमुक असेल तर हे, तमुक नसेल तर ते. एजंट इतका गोंधळला की नवीन वेळ मागणाऱ्यालाही माझ्याकडे आणू लागला. अति तेथे माती! मग कात्री चालली. 'झटपट' गेलं, 'अचूक' गेलं, माझं लाडकं 'प्रभावी'ही गेलं. शेवटी उरलो तो असा: 'ठरलेली वेळ कायमची रद्द करते. दुसरी वेळ हवी असेल तर हे साधन वापरू नये.'

मी संतापलो. स्वतःच्या परिचयात 'मला बोलावू नका' असं कुणी सांगतं का? चारचौघांत काय अब्रू राहिली माझी?

सोमवारी डॉक्टरीणबाई येऊन बसल्या. दीर मागे नखं कुरतडत उभा. बाईंनी मुद्दाम तिरकं लिहिलं: 'ती वेळ रद्द करून टाका, मला शुक्रवार बरा पडतो.' रद्द म्हटल्यावर एजंट थेट माझ्यापाशी आला. त्यानं पहिलं वाक्य वाचलं. माझा जीव टांगणीला लागला. मग त्यानं दुसरं वाचलं आणि मला तिथंच ठेवून शेजाऱ्याकडे गेला. शुक्रवारची वेळ मिळाली.

बाईंनी आणखी चार उलटसुलट मेसेज टाकून पाहिले. मग पर्स उचलत म्हणाल्या, "राहू दे यंत्र. ढब्बूचं उद्याचं मात्र मी माझ्या हातानं लिहिलंय, त्याला हात लावायचा नाही."

त्या गेल्यावर वहिनीनं विचारलं, "काय भावजी, कोण मठ्ठ?"

"चहा मी टाकतो," दीर म्हणाला.

मला मात्र भरून आलं होतं. कुणी आपल्याला न उचलता पुढे गेलं, याचाही एवढा आनंद होतो, हे मला ठाऊक नव्हतं.

तेव्हा बाबांनो, एक विनंती. आम्हाला लिहाल तेव्हा आमची स्तुती नको. आम्ही काय करतो आणि आम्हाला कधी बोलावू नये, तेवढं सांगा.

हल्ली मला फारसं कुणी बोलावत नाही. परवा मात्र एका बाईंचा मेसेज आला: 'आमच्या बोक्याचा पाय आपोआप बरा झाला. कालपासून कपाटावर उड्या मारतोय. आता आणत नाही.' एजंट आला, त्यानं माझी दोन्ही वाक्यं नीट वाचली आणि साधन उचललं. ते काम माझंच होतं. बोक्याची वेळ आम्ही अगदी हौसेनं रद्द केली.