सात नंबरच्या खोलीची तक्रार

सिस्टर वृद्धाश्रमात नव्याने लागली, तेव्हा वरच्या मजल्यावरच्या मुख्याध्यापिकाबाईंची घंटा दिवसातून पंधरा-वीस वेळा वाजायची. कधी पडदा सरकत नाही, कधी नळ ठिबकतो. बाईंना निवृत्त होऊन वीस वर्षं झाली होती, पण आवाजातला दरारा तसाच होता. कर्मचारी त्यांना पाठीमागे 'तक्रारपेटी' म्हणत. डॉक्टरांनी झोपेची गोळी वाढवून दिली होती.

सिस्टरने आठवडाभर तो नळ रोज तपासला. थेंबही गळत नव्हता. मग तिच्या लक्षात आलं, की घंटा वाजवली की माणूस येतं, आणि बाईंना माणूसच हवं असतं.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता ती आपणहून गेली.

"मी बोलावलं नव्हतं," बाई म्हणाल्या.

"माहीत आहे."

"मग बस की. खांबासारखी उभी काय राहतेस?"

महिन्याभरात घंटा दोनवर आली, गोळी निम्मी झाली. व्यवस्थापक खूश झाले आणि त्यांनी सिस्टरची बदली खालच्या मजल्यावर केली.

"वर आता कामच उरलं नाही."

"सर, मी रोज बसते म्हणून उरलं नाही."

"गप्पा मारणं हे काम कुठे लिहिलंय, सिस्टर?"

तसं कुठेच लिहिलेलं नव्हतं.

बदलीनंतर बाराव्या दिवशी बाई काठी टेकत लिफ्टने खाली आल्या. दोन वर्षांत पहिल्यांदाच. व्यवस्थापकांच्या टेबलावर त्यांनी एक कागद ठेवला. नळाचंच काहीतरी असणार, असं समजून व्यवस्थापकांनी तो तिथेच औषधांची नोंद करत असलेल्या सिस्टरसमोर मोठ्याने वाचायला घेतला.

'माझ्या शेजारच्या सात नंबरच्या खोलीतल्या गृहस्थांशी गेल्या अकरा दिवसांत कोणीही बोललेलं नाही. जेवण, औषध, आंघोळ वेळेवर होते. त्या वेळी "तोंड उघडा" आणि "हात वर करा" एवढंच भिंतीपलीकडून ऐकू येतं. याला बोलणं म्हणता येणार नाही.'

व्यवस्थापकांचा आवाज शेवटी शेवटी खाली आला.

"बाई, आणि तुमची काही तक्रार?"

"आहे," बाई म्हणाल्या. "पण ती मला लिहिता आली नाही."

सिस्टर खिडकीबाहेर बघत राहिली.

पुढच्या सोमवारपासून कामाच्या तक्त्यात एक ओळ वाढली: दहा ते अकरा, वरचा मजला, सिस्टर. कामाच्या रकान्यात व्यवस्थापकांनी स्वतःच्या हाताने 'बोलणे' असं लिहिलं.

सात नंबरचे गृहस्थ आयुष्यभर जमिनी मोजत फिरलेले होते. सिस्टर येऊन बसायची, हवापाण्याचं विचारायची, ते छताकडे बघत राहायचे. चौथ्या दिवसापासून बाईही तिथे येऊन बसू लागल्या, आणि एकदा सुरू झाल्या की त्यांना आवरणं कोणाच्या बापाला जमेना.

तिसऱ्या आठवड्यात गृहस्थांनी मान वळवली.

"या बाई फार बोलतात," ते सिस्टरला म्हणाले.

"खोडून काढा मग माझं म्हणणं," बाई म्हणाल्या.

ते खरोखरच खोडून काढायला लागले. सिस्टरने घड्याळ पाहिलं. अकरा वाजून गेले होते, आणि खालून कोणीतरी तिला हाका मारत होतं.