झाकून ठेवलेलं ताट

मित्रांनो, भांडं नसलेली झाकणी तुम्ही कधी पाहिली आहे का? नसेल, तर माझ्याकडे नीट बघा. मी एक जुनी ॲल्युमिनियमची झाकणी आहे. काठाला दोन ठिकाणी पोचे आलेले आहेत, मधोमध मुठीच्या जागी दोऱ्याचं लाकडी रीळ बसवलेलं आहे, आणि या घडीला मी एका भरलेल्या ताटावर बसले आहे. ताट कालचं आहे. आता सकाळ झाली, तरी त्याला कुणी हात लावलेला नाही. का लावला नाही, हे सांगायचं तर मला माझं सगळं आयुष्यच सांगावं लागेल. मी गोड बोलणाऱ्यांतली नाही, हे मात्र आधीच सांगून ठेवते.

माझा जन्म भांड्यांच्या कारखान्यात झाला. एका यंत्राने मला पत्र्यातून धाडकन कापून काढलं, दुसऱ्याने माझे काठ वळवले, आणि एका कामगाराने डोक्यावर काळी मूठ बसवून मला एका पातेल्यावर ठेवलं. शेजारच्या झाकण्या डुगडुगत होत्या. मी मात्र अशी चपखल बसले की तो कामगार म्हणाला, "वा, जोडी जमली." मला वाटलं, चला, आता जन्माची काळजी मिटली. नव्या कोऱ्या वस्तूंना असलं काहीबाही वाटतच असतं.

आम्हाला एका नव्या जोडप्याने विकत घेतलं. नवऱ्याचं चौकात फुलांचं छोटंसं दुकान होतं. घर म्हणजे दोन खोल्या, खाली इस्त्रीवाला. त्याच्या इस्त्रीची वाफ खिडकीतून वर यायची आणि माझी वाफ तिच्यात मिसळायची. मालकीण हाताने नेटकी आणि तोंडाने मिस्कील होती. मला ती रोज राखेने घासायची, इतकी की माझ्यात बघून भांग पाडावा.

वर्षातून एकदा प्रेमाचा दिवस येतो, तो तुम्हाला ठाऊक असेलच. लोक एकमेकांना फुलं देतात, बाहेर जेवायला जातात, ताटाचे फोटो काढून मग जेवतात. मालकिणीने मात्र ठरवलं होतं की हा दिवस घरीच साजरा करायचा. बटाटे-वाटाण्याचा रस्सा, भात आणि गाजराच्या चकत्या. तिला दागिना नको होता, फूलही नको होतं. त्या दिवशी दोघांनी समोरासमोर बसून गरम गरम जेवावं, एवढंच तिचं मागणं होतं. आता मला सांगा, हे काय फार झालं?

पहिल्या वर्षी ते घडलं. दुकान नवं होतं, गिऱ्हाईक बेताचं. तो उजेड असतानाच घरी आला. हातात मान मोडलेला एक गुलाब होता, जो कुणी घेतला नसता. घरात चांगलं ताट एकच होतं. ते त्याने तिला दिलं आणि स्वतः मला उलटी करून माझ्यात भात-रस्सा वाढून घेतला. खालच्या मुठीमुळे मी डुगडुगत होते, म्हणून त्याने मला मांडीवर धरलं. रस्सा सांडला, विजार खराब झाली. मालकीण हसून हसून बेजार. मित्रांनो, माझ्या आयुष्यातलं सुख विचाराल तर ते एवढंच.

पुढे दुकान चालायला लागलं. आणि फुलांच्या दुकानाला सगळ्यांत जास्त गर्दी कोणत्या दिवशी होते? बरोबर. सगळ्या गावाला प्रेम आठवायचं आणि आमच्या घरचं माणूस तिथे त्या प्रेमाला कागद गुंडाळत उभं असायचं. मी त्याला अगदीच वाईट म्हणत नाही. त्याच दिवसाच्या कमाईवर घराचं बरंच काही भागायचं. पण फूल आणायचंही त्याने बंद केलं. मालकिणीने एकदा थट्टेने विचारलं, तर म्हणाला, "विकायचा माल घरी आणायचा नसतो."

मग त्यांना मुलगी झाली. तिला सगळे ठकी म्हणत. ठकी जरा मोठी झाली तशी प्रेमाच्या दिवशी आईबरोबर ओट्याशी उभी राहू लागली. वाटाणे ती सोलायची, निम्मे खायची. गाजरं कापायचं काम तिने हट्टाने स्वतःकडे घेतलं. चकत्यांना वर एक खाच आणि खाली टोक काढून ती पत्त्यांतल्यासारखे लाल बदाम करायची. त्यातले नीट जमलेले सगळे बाबांच्या ताटात जायचे.

"आई, बाबांना आवडतील ना?"

"न आवडायला काय झालं? तुझ्या बापाला गावातल्या सगळ्या जोड्या पाठ आहेत. आपल्या घरीही एक आहे, एवढंच काय ते विसरतो."

दोघी हसायच्या. मग जेवणाची वेळ टळायची. ठकी डुलक्या काढत जेवायची आणि मालकीण त्याच्या वाट्याचा रस्सा पुन्हा पुन्हा गरम करत बसायची. तो यायचा तेव्हा बदाम सुरकुतलेले असायचे. उभ्याउभ्या चार घास खाऊन तो झोपायला जायचा. तिला मात्र त्या दिवशी कधीच भूक नसायची, असं ती म्हणायची.

एका वर्षी त्याने स्वतःहून शब्द दिला. "या वेळी दिवे लागायच्या आत येतो. मदतीला माणूस ठेवलाय." अहाहा, काय आनंद झाला त्या घराला! ठकीने टेबलावर तीन ताटं मांडली, बाबांच्या खुर्चीवर स्वतःची उशी ठेवली. मालकिणीने केस विंचरून नवी साडी नेसली. रस्सा असा जमला होता की माझ्या काठातून नुसता वास निसटला आणि खालचा इस्त्रीवाला ओरडला, "वहिनी, आज काय बेत आहे?"

दिवे लागले. तो आला नाही. ठकीने खिडकीत उभं राहून रस्त्यावरचं प्रत्येक माणूस पाहिलं. "हे बाबा. नाही. हे बाबा. तेही नाहीत." शेवटी ती टेबलावरच डोकं टेकून झोपली. मालकिणीने मंद आचेवर पातेलं ठेवलं, जरा टेकावं म्हणून खुर्चीत बसली, आणि दिवसभर राबलेल्या बाईचा डोळा लागला.

मी काय करणार होते? मी खडखडले, आदळले, माझी काळी मूठ वितळून वाकडी झाली. रस्सा आटला, बटाटे कोळसा झाले, पातेल्याचा तळ गेला. धुराने ती दचकून उठली तेव्हा सगळं संपलं होतं. तेवढ्यात तो आला. दारातच त्याने नाकाला रुमाल लावला आणि म्हणाला, "चांगलं भांडं होतं. जाळलंस ना?"

मित्रांनो, त्या वाक्याला आता कित्येक वर्षं झाली, पण ते माझ्या पत्र्यातून जात नाही. उशीर का झाला, ते त्याने तिला सांगितलं नाही. ती ओली फडकी घेऊन भिंत पुसत राहिली.

पातेलं भंगारात गेलं. माझा जोडीदार पोत्यात पडताना खणकन वाजला, तेवढाच आमचा निरोप. मालकाला बहुधा थोडी खंत वाटली असावी, कारण दुसऱ्या दिवशी फुलं बांधायच्या दोऱ्याचं रिकामं रीळ आणून त्याने ते माझ्या डोक्यावर स्क्रूने पक्कं केलं. "आता भाजणार नाही तुझा हात," असं तिला म्हणाला. त्याला माफी मागायची ती एवढीच पद्धत ठाऊक होती. मला मात्र ते पुरेसं वाटलं नाही, आणि तिला वाटलं असेल असंही मी म्हणणार नाही.

तेव्हापासून माझं काम बदललं. मी त्याच्या ताटावर बसू लागले. पहिली काही वर्षं ती ताट झाकून समोर बसायची. मग ताट झाकून आतल्या खोलीत जाऊन पडायची. ठकीने बदाम करणं सोडलं, साध्या चकत्या कापायला लागली. पुढे तीही नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली. मालकिणीने मग मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाचं काम धरलं. घरी एकटीने भिंतींशी काय बोलायचं?

आता कालचं सांगते. काल प्रेमाचा दिवस होता. चौकात हल्ली मोठं झगमगीत दुकान आलं आहे आणि लोक फोनवरूनच फुलं मागवतात. आमच्या दुकानाकडे कुणी फिरकलं नाही. तो दुपार टळताच घरी आला, हातात गुलाबांचा हा एवढा मोठा भारा. इतकी वर्षं झाली, मी त्याला ओट्याशी उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. काल त्याने बटाटे सोलले. वाटाणे शोधायला सगळे डबे उघडले. रस्सा केला, तो जरा खारट झाला. आणि मग मान खाली घालून कितीतरी वेळ गाजराचे बदाम कापत बसला. एकही धड जमला नाही, सगळे बटाट्यासारखे दिसत होते. तरी त्यातले बरे निवडून त्याने तिच्या ताटात लावले, आणि वर मला ठेवलं. स्वतःचं ताट वाढून समोर बसला. जेवला नाही. खिडकीकडे कान लावून राहिला.

मी मनातल्या मनात म्हटलं, बस आता. कळू दे जरा.

दिवे लागले आणि बऱ्याच वेळाने ती आली. आधी तिची नजर गुलाबांवर गेली. "आज माल उरला वाटतं," ती म्हणाली.

त्याने मला रिळाला धरून उचललं. जराशी ऊब तेवढी निघाली. "बस. गरम आहे अजून."

तिने ताटाकडे पाहिलं, गाजरांकडे पाहिलं. जरा वेळ पाहिलं. मग चप्पल काढत म्हणाली, "मी जेवून आले हो. ज्या मुलींना कुणी बाहेर नेलं नाही, त्यांनी आज मला काही करू दिलं नाही. सगळं त्यांनीच रांधलं. म्हणाल्या, मावशी, तुम्ही आधी बसा. पहिलं ताट मलाच वाढलं. गरम गरम."

"दोन घास तरी?"

"पोट भरलंय."

ती रागावली नव्हती, मित्रांनो. रागावली असती, चार भांडी आपटली असती, तर मला बरं वाटलं असतं. तिने बादलीत पाणी घेतलं, गुलाबांचे देठ छाटून ते नीट बुडवून ठेवले आणि झोपायला गेली. त्याने मला पुन्हा ताटावर ठेवलं आणि आपलं गार जेवण मुकाट्याने जेवला. मला त्याची कीव आली. येईल असं वाटलं नव्हतं, पण आली.

लोक म्हणतात, झाकणी अन्न गरम ठेवते. ते खोटं आहे. मी फक्त त्याला जरा सावकाश गार होऊ देते. बाकीचं काम माणसांनी करायचं असतं, आणि ते वेळेवर करायचं असतं. तुमच्या घरी कुणी तुमच्यासाठी ताट झाकून बसत असेल, तर मित्रांनो, खेळ सोडा, काम सोडा, आणि या. झाकून बसणारं माणूसही एक दिवस जेवून घेतं.

आज ती पहाटेच वसतिगृहात गेली. तो टेबलाशी बसून आहे. आत्ता त्याने मला उचललं, आत पाहिलं आणि पुन्हा ठेवलं. "संध्याकाळी आली की गरम करून देईन," असं तो म्हणाला. घरात ऐकायला मी एकटीच होते.