खुर्चीपुरता गुडघा

डॉ. नृसिंह निसळ लष्करातली नोकरी संपवून नगरच्या इस्पितळात रुजू झाले ते सेहेचाळीस साली. तुटलेला गुडघा नव्याने बांधायची शस्त्रक्रिया ते लष्करातच शिपायांवर शिकले होते. ती आपल्याला उत्तम येते याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. आसपास दुसऱ्या कुणाला येत नव्हती, हेही त्याचं एक कारण.

कर्जतकडचा गोरक्ष त्यांना आयताच सापडला. म्हशीला ओढ्यातून ओढताना त्याच्या गुडघ्याच्या आतला बंध तुटला होता. दूध काढायला उकिडवं बसलं की गुडघा सटकायचा. म्हैस तर त्याच्याखेरीज कुणाच्या हाताला पान्हा सोडत नव्हती. बायकोला, चांगुणाला, तिने लाथाडलं होतं. सध्या म्हैस आटली होती म्हणून निभत होतं. व्यायल्यावर काय, एवढाच गोरक्षला घोर.

डॉक्टरांनी मांडीतल्या जाड पडद्याची लांब पट्टी काढली, वरच्या आणि खालच्या हाडाला भोक पाडून त्यातून ओवली आणि पाय सरळ ठेवून ताणून शिवली. प्लास्टर निघाल्यावर गोरक्ष वॉर्डभर ताठ चालला. स्टुलावर बसला, उठला. निसळांची छाती फुगली. शिपायाला चालवून पाहिलं की झालं, ही त्यांची सवय. याला उकिडवं बसवून बघावं हे काही त्यांच्या डोक्यात आलं नाही.

पुढे गोरक्ष काठी टेकत आला.

"म्हस याली, सायेब. तुमास्नी खरवस आनावा म्हनून चीक काढाया बसलो, अन् आत कायतरी काडकन तुटलं."

निसळांनी एक्स-रे उजेडात धरला. मांडीच्या हाडातलं भोक बोटभर पुढे पडलं होतं. पाय सरळ असेतो पट्टी टिकणार, पुरता दुमडला की तुटणार. त्यांना फार लागलं ते.

"भोक चुकीच्या जागी पाडलं मी," ते म्हणाले.

"मंग आता बरूबर जागी पाडा. दुसरी मांडी हाय की."

"पहिल्याला खेटूनच पडेल ते, गोरक्ष. हाड धरणार नाही."

"शिपायांचं धरलं न्हवं?"

"त्यांना दूध काढायचं नव्हतं."

गोरक्षने धोतर गुडघ्यावर ओढून घेतलं.

"मंग म्हस इकू म्हनता?"

निसळांनी एक्स-रे पाकिटात सरकवला.

"वीक," ते म्हणाले.