ड्रॉवरातली सही

हेमराजच्या घरात सकाळपासून दुसऱ्या कोणाचा आवाज निघत नव्हता, कारण ओरडण्याचे काम तो एकटाच करत होता. आधी लॅपटॉपवर, मग इंटरनेटवर, मग सीमाशुल्क खात्यावर आणि शेवटी चहा थंड झाला म्हणून बायकोवर, मंजुषावर. बालाघाटच्या त्यांच्या घरासमोर बांबूच्या टोपल्यांनी भरलेला ट्रक उभा होता. माल दुबईला जायचा होता. उद्या संध्याकाळपर्यंत तो नागपूरच्या कंटेनर डेपोत शिरला नाही, तर जहाज चुकणार होते. यावेळी उशीर झाला तर पुढचा माल दुसरीकडून घेऊ, असे दुबईच्या व्यापाऱ्याने स्पष्ट कळवले होते. मग जवळच्या लालबर्रा गावातल्या ज्या बायांनी टोपल्या विणल्या, त्यांच्याही हातचे काम जाणार होते.

डेपोत माल न्यायचा, तर आधी ऑनलाइन घोषणापत्र भरावे लागते. माल कोणता, किती, कुठे चालला, सगळे त्यात लिहायचे. हेमराजने ते भरले होते. शेवटी फक्त डिजिटल सही करायची, म्हणजे पेनड्राइव्हएवढे डोंगल लॅपटॉपला लावून पासवर्ड टाकायचा. नेमके तिथेच घोडे अडले. सहीची मुदत संपली होती!

सही मंजुषाची होती. महिलांच्या योजनेचा लाभ मिळावा म्हणून फर्म तिच्या नावाने काढलेली. डोंगल मात्र पहिल्या दिवसापासून हेमराजच्या ड्रॉवरात आणि पासवर्ड हेमराजच्या डोक्यात. अशा मालकिणी आपल्याकडे गल्लोगल्ली सापडतील, मंडळी.

नवी सही मिळवायला मंजुषाला कॅमेऱ्यासमोर बसणे भाग होते. "दोन मिनटाचं काम आहे. विचारतीन त्याले फक्त हौ म्हण," हेमराजने अर्ज भरून टाकत बजावले. मंजुषाने ओले हात पुसले, पदर सारखा केला आणि ती लॅपटॉपसमोर बसली.

पडद्यावर सही देणाऱ्या कंपनीची एक तरुण मुलगी आली. "मैडम, आवेदन आपने खुद किया है?"

"नहीं, इन्होंने किया," मंजुषा म्हणाली.

"डोंगल तो आपके ही पास रहता है ना?"

"इनके ड्रॉवर में रहता है. मैंने तो आज ही देखा."

हेमराजने कपाळावर हात मारला. ज्याची सही त्यानेच अर्ज करायचा आणि त्यानेच ती वापरायची, असे सांगून मुलीने अर्ज नामंजूर केला आणि कॉल बंद केला.

"तुले हौ म्हण म्हणून सांगतलं होतं ना!"

"खोटं काहून बोलू? पोरीनं सरळ विचारलं, मी सरळ सांगतलं."

"बाहेर ट्रक उभा आहे अन् तुले आताच सत्यवचन सुचून राह्यलं!"

हा गलका ऐकून शेजारचे भोजराज काकाजी आत आले. वारासिवनीच्या पोस्टात पोस्टमास्तर म्हणून त्यांचे आयुष्य गेलेले. हेमराजने त्यांच्यापुढे सगळे गाऱ्हाणे मांडले. त्याला वाटले, काकाजी मंजुषाला दोन शब्द सुनावतील.

काकाजी खुर्चीवर टेकले. "हेमराज, माह्या नोकरीत बाया मनीऑर्डर घ्याले येत. नवरा बाजूले उभा राहे. तोच बाईचा अंगठा धरे, शाईत बुडवे, कागदावर दाबे. कागदात काय आहे, ते तिले कोणी सांगत नसे. मले वाटे, बाया शिकल्या की हे बंद होईन. आता मंजुषा त बी.ए. झाली ना?"

"म्या का तिचे पैसे खाल्ले, काकाजी? घरासाठीच करून राह्यलो ना!"

"तू खाणारा नाहीस, मले माहीत आहे. पण त्या कागदात उद्या खोटं निघालं, त नोटीस कोणाच्या नावानं येईन?"

काकाजींनी डोंगलाकडे बोट केले.

"अरे, तवा अंगठा निदान बाईच्या हाताले त होता. तू त तो ड्रॉवरात ठेवून देल्ला!"

हेमराज चिडून काही बोलणार, तोच मंजुषाने पडद्यावर बोट ठेवले. ती मघापासून घोषणापत्र वाचत होती. "अजी, यात टोपल्या बिनरंगाच्या लिहिल्या. या टाइमाले त आपण रंगवल्या ना?"

हेमराज वाकून पाहू लागला. घाई असली की तो मागच्या वेळचीच माहिती उचलून चिकटवत असे. खाली ओळ होती, वरील माहिती खरी असल्याचे मी जाहीर करते. त्याखाली मंजुषाचे नाव! डेपोत खोकी उघडली असती तर माल अडला असता आणि खोटी ठरली असती ती. एका अनोळखी पोरीशीही जिला खोटे बोलवत नाही, तिला त्याने घरबसल्या खोटारडी करायला घेतले होते! त्याला मनापासून लाज वाटली.

"मंजुषा, चूक माही आहे," तो म्हणाला. खुर्ची ओढून त्याने तिला फर्मचा सगळा कारभार पहिल्यापासून समजावला. मग तिने स्वतः अर्ज केला. दुसऱ्यांदा तोच प्रश्न आला, तेव्हा ती म्हणाली, "जी, खुद किया है." दुपारी नवी सही डोंगलमध्ये उतरली. तिने रंगाची चूक सुधारली आणि घोषणापत्र पुन्हा वरून वाचायला घेतले. ड्रायव्हर बाहेर हॉर्न वाजवत होता. हेमराजने दारात जाऊन त्याला थांबायची खूण केली.

बंधुभगिनींनो, सही म्हणजे माणसाने दिलेला शब्द. दुसऱ्याचा शब्द आपण देऊ नये, मग ते माणूस आपल्याच घरातले का असेना. बायकोला नावापुरती मालकीण करणे हा तिचा मान नव्हे, तो तिच्या नावाचा वापर आहे. तिला विचारा, वाचू द्या, आणि नाही म्हणाली तर ऐका!

वाचून झाल्यावर मंजुषाने डोंगल लावले. संगणकाने नवा पासवर्ड मागितला. हेमराज सवयीने पुढे वाकला.

"अजी," ती म्हणाली, "तुमी जरा तिकडं तोंड करा."

आणि हेमराज निमूटपणे भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.