गुरुवारची सुई

एलुबेच्या टाचेवर आधी नुसता काळा ठिपका होता. वर्षभरात त्याच्या पाच गाठी झाल्या आणि नडगीपर्यंत चढल्या. ब्लँटायर शहरातल्या मोठ्या इस्पितळात डॉक्टरांनी सांगितलं, कर्करोग आहे. ओठावर ज्या विषाणूने फोड येतात, तोच प्रयोगशाळेत बदलून आणलाय. तो गाठीत टोचायचा, मग तो गाठच खात सुटतो. औषध नवं, अजून पारखायचं चाललेलं, म्हणून नियम कडक.

पहिल्या सुईनंतर ताप आला, पाय दुप्पट सुजला. मग पंधराव्या दिवशी सगळ्यांत खालची गाठ वाळक्या शेंगेसारखी चुरमडली. एलुबे ती दिवसातून दहा वेळा बघायची. दुसरी सुई गुरुवारी होती. गुरुवार चुकला की यादीतून नाव गेलं, हे तमांदानी नर्सने दोनदा बजावलं होतं.

बुधवारी सकाळी गावप्रमुखाची थोरली बहीण वारली. माती गुरुवारी ठरली.

"उद्या गावातून कोणी हलायचं नाही," मालिसेनी मामा म्हणाले. त्या घराण्यात भाच्यांवर शब्द मामाचाच. नवराही त्यापुढे तोंड उघडत नाही.

"मामा, उद्या माझी सुई आहे."

"सुई पुढच्या आठवड्यात घे. मयत थांबत नाही."

"आणि गाठ थांबते?"

"दुसऱ्याच्या मातीला जो जात नाही, त्याच्या मातीला कुत्रं येत नाही. तुझ्या आईची शवपेटी कोणी खांद्यावर घेतली? याच लोकांनी ना?"

अंगणात चटईवर बसलेल्या शेजारच्या बायकांनी माना डोलावल्या. एक म्हणाली, "त्या सुईनेच तर पाय सुजवलाय. वर परत तिकडेच धावायचं!"

एलुबेच्या मस्तकात तिडीक गेली. "मी मेल्यावर सगळ्या याल. ऊर बडवाल, मक्याच्या न्सिमाचे गोळे हाणाल. मी इस्पितळात पडले होते तेव्हा कुठे होता गं तुम्ही?"

गुरुवारी उजाडताच ती सायकलटॅक्सीवर बसली. पुढे मिनीबसमध्ये पाय लोंबकळून ठणकायला लागला. दहाच्या सुमारास ती इस्पितळात पोचली, तर तमांदानी तिला बघून चपापलीच.

"मावशी, तुम्ही? मामांचा फोन आला होता. गावात मयत आहे, तुम्ही येणार नाही म्हणाले. मी आजची सुई रद्द केली."

"मला विचारलंस?"

"मयतीच्या वेळी फोन करून असलं कोण विचारतं, मावशी?"

ती खरंच बोलत होती. तिच्या गावातही कोणी विचारलं नसतं. एलुबेला वाटलं, मामांना मागे टाकून आले, तर मामा इथे पांढरा गणवेश घालून आधीच उभे!

"नीट बघ माझ्याकडे. मी मेलेय का? मेलेल्या बाईसाठी अख्खं गाव कामं टाकतं. जिवंत बाईसाठी तुला एक फोन होत नाही?"

"औषधाची कुपी गोठवलेली असते. वितळायला पाऊण तास लागेल."

"मग काढ. मी इथेच बसलेय."

"मामांना काय सांगू?"

"सांग, भाची उद्धट निघाली."

तमांदानी कुपी काढायला गेली. तेवढ्यात एलुबेचा फोन वाजला. मामाच होते, मागे बायकांचं गाणं चालू होतं.

"आत्ताच्या आत्ता परत ये. नाहीतर तुला पुरायला कोणी येणार नाही, एलुबे."

"पुरायला नकाच येऊ. आज संध्याकाळी मला बसमधून उतरवायला या. पाय टेकता येणार नाही मला. येता?"

मामांनी फोन ठेवला. तिने तोच प्रश्न बंद फोनला आणखी एकदा ओरडून विचारला. बाकावरची माणसं दुसरीकडे बघायला लागली.

डॉक्टरांनी उरलेल्या चारही गाठींत औषध टोचलं. ती दातओठ आवळून बसली.

"पुढची कधी?" तिने विचारलं.

"दोन आठवड्यांनी, गुरुवारीच," तमांदानी म्हणाली.

"लिही. आणि फोन मलाच करायचा. गावात कोणीही मरू दे, मी येणार. मीच मेले, तर मग मामांचं ऐक."