लाल लेबल

"ह्या फाइलवरचा माझा ॲक्सेस काढून टाक," ताई म्हणाल्या.

मी त्यांच्या खुर्चीमागे उभी होते. आमच्या हॉस्पिटलातले कॉम्प्युटर मी सांभाळायचे आणि त्यांत साठलेल्या रुग्णांच्या नोंदी ताई. कोणती नोंद कोणी बघायची, हे त्याच ठरवत.

"तुमचाच काढू?" मी विचारलं. "का?"

"घरचं माणूस आहे."

पडद्यावर त्यांच्या यजमानांचं नाव होतं. खाली डॉक्टरांची विनंती होती : लाल लेबल द्यावं, घरच्यांना कळू नये अशी रुग्णाची इच्छा आहे.

पांढरं लेबल असलं की ती नोंद हॉस्पिटलातल्या कोणत्याही डॉक्टरला, नर्सला उघडता येई. पिवळं त्या त्या विभागापुरतं. लाल मात्र फक्त उपचार करणाऱ्या डॉक्टरांसाठी, आणि लेबल लावायचं म्हणून ताईंसाठी. ही पद्धत ताईंनीच भांडून आणली होती. पूर्वी कोणीही कोणाचंही काहीही उघडून बघायचं. आमच्याच एका नर्सचा रिपोर्ट असा कॅन्टीनभर चघळला गेला आणि ती बिचारी नोकरी सोडून गेली. त्यानंतर ताईंनी वरिष्ठांचं डोकं खाऊन खाऊन लेबलं आणवली. सगळ्यांनी नाकं मुरडली. 'कुलूपबाई' हे नाव त्यांना तेव्हा पडलं. त्यांना ते ठाऊक होतं. "किल्लीबाई म्हणाले असते तर वाईट वाटलं असतं," असं म्हणून हसायच्या.

आज हसल्या नाहीत.

"मग रंग कोण ठरवणार?" मी विचारलं.

"तू. साहेबांना विचारलंय मी. नीट वाच आणि ठरव. डॉक्टर म्हणाले म्हणून न वाचता लेबल लावायचं नाही, इतरांना नाही तसं ह्यांनाही नाही." मला जागा करून देत त्या उठल्या आणि खिडकीशी जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. "आणि वाचून झाल्यावर लगेच माझ्याकडे बघू नकोस. तुझ्या तोंडावर सगळं दिसतं."

मी वाचलं. काय वाचलं ते इथेही लिहिणार नाही. बातमी वाईट होती, एवढंच. मी लाल लेबल लावलं, ताईंचं नाव काढलं.

"झालं?"

"झालं."

त्या परत येऊन बसल्या. चष्मा काढून पदरानं पुसला, पुसतच राहिल्या. मग म्हणाल्या, "चल, पुढची नोंद घे."

यजमानांचं घराखालीच शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं. जेवणाच्या सुट्टीत ताई त्यांच्या गमती सांगायच्या. त्या गमती बंद झाल्या. कधीतरी एवढंच म्हणायच्या, "हल्ली सामान आणायला म्हणून जातात आणि हात हलवत परत येतात." मी माझ्या डब्यात डोकं खुपसायचे. त्या पुढे विचारायच्या नाहीत, आणि त्यांचं ते न विचारणंच मला जड जायचं.

एकदा त्यांची मुलगी माहेरपणाला आली होती, ती तडक ऑफिसातच आली.

"आई, बाबा किती वाळलेत! मला काही नाही म्हणून उडवून लावतात. इथेच कोणाला तरी दाखवत असतील. बघ की कॉम्प्युटरवर."

"बाबांना विचार."

"विचारलं ना! तुला एका मिनिटात कळेल. तू बायको आहेस का कारकून?"

ताईंनी समोरची नोंद बंद केली. मग सावकाश म्हणाल्या, "समज, दाखवलं असेल आणि आपल्याला सांगितलं नसेल. मग कारकुनाच्या दारानं बायकोनं आत शिरायचं का?"

मुलगी पाय आपटत निघून गेली. ताईंनी तिच्यासाठी मागवलेला चहा टेबलावर तसाच राहिला.

त्याच आठवड्यात त्या माझ्या खोलीत आल्या. दार लोटून घेतलं. "माझी रजा बरीच शिल्लक आहे. आत्ता काढू, की पुढे लागेल म्हणून राखून ठेवू?"

मला प्रश्न कळला. तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी हात वर केला.

"नको, बोलू नकोस. हे म्हणजे फाइल उघडल्यासारखंच झालं." त्या दाराकडे वळल्या. "चुकलंच माझं," म्हणाल्या आणि गेल्या.

पुढे एका रविवारी दुकानात मशीन खोलून बसलेले यजमान एकदम म्हणाले, "तुला केव्हाच कळलं असेल. सगळं तुझ्याच हाताखालून जातं."

"नाव दिसलं होतं," ताई म्हणाल्या. "आत गेले नाही."

"इतके दिवस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते."

त्यांनी हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. "आणि मी समजत होतो, हिला सगळं माहीत आहे आणि ही वर हसून दाखवतेय. राग यायचा मला तुझा." मग ते बोलायला लागले. दुपारचं जेवण राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी ताईंनी मला हे सांगितलं. डोळे सुजलेले होते, पण चेहरा कितीतरी दिवसांनी सैल झाला होता.

"परत देऊ का ॲक्सेस?" मी विचारलं.

"कशाला? त्यांना भीती कशाची वाटते, ते कुठल्या रिपोर्टात असतं गं?"

यजमान पुढे वर्षभर जगले. त्यांच्या मागे ताई पुन्हा कामावर आल्या, रीतसर निवृत्तही झाल्या. आता ते टेबल माझ्याकडे आहे. नव्या मुलींना लेबलं शिकवताना मला ताई आठवतात, त्या मात्र टेबलापाशी बसलेल्या नव्हे.

त्या रविवारनंतर दोघं पहिल्यांदा बरोबर तपासणीला आली, तो दिवस आठवतो. ताईंनी रजा टाकली होती. गळ्यात ओळखपत्र नव्हतं. बाकावर यजमानांशेजारी, मांडीवर पाण्याची बाटली धरून बसल्या होत्या.

"अहो ताई, तुम्ही कशाला रांगेत? चला ना आत," नर्स म्हणाली.

"येऊ दे नंबर," ताई म्हणाल्या. "आज मी पेशंटबरोबर आलेय."

नंबर आला. डॉक्टर स्वतः दारापर्यंत आले आणि ताईंना बघून अडखळले. हातातला रिपोर्ट त्यांनी नकळत छातीशी धरला.

यजमान उठले. "बायको आहे माझी," ते म्हणाले. "तिच्यासमोर सगळं बोला."

त्यांनी दार उघडं धरलं. ताईंनी पदर सारखा केला आणि त्या आत गेल्या.